पेडल बसतंय, पण सिलिंडरच गेला कशावरून?

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय ब्रेकवर आहे, आणि पेडल पायाखालून सावकाश खाली सरकतंय. पाय उचलून पुन्हा दाबला की वर येतं, घट्ट लागतं आणि परत सरकू लागतं. गाडी थांबते, त्यामुळे चालवणारा दुर्लक्ष करतो. चारचाकीतला हा मला सगळ्यांत फसवा बिघाड वाटतो, कारण पायाला त्याची रोज थोडी थोडी सवय होत जाते. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही मदतीला येत नाही. तो हँडब्रेक ओढलेला असला किंवा डब्यातलं ब्रेक ऑइल कमी झालं तरच लागतो, आणि इथे ऑइल बाहेर कुठेच सांडलेलं नसतं.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत या बिघाडावरून एका मामा-भाचीत चांगला वाद रंगला. (सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे वेगळी, स्पेअरचं पार्सल मागवताना ‘मेघे’ आवर्जून लिहावं लागतं.) मामांची उभी हयात गॅरेजात गेली. भाचीने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि आता ती पॉलिटेक्निकच्या पोरांना शिकवते. गाडी होती पेशंटची ने-आण करणाऱ्या एका भाऊंची. गावाकडची माणसं कधी सावंगीला विनोबा भावे रुग्णालयात, कधी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात, आणि तिथून पुढे पाठवलं तर नागपूरला. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, एबीएस नसलेली. मागे एका ठिकाणी लाइनर बदलून एअर काढून झाली होती, आणि भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे पेडल बसायला तेव्हापासूनच लागलं. बजाज चौकात थांबलं की हमखास.

भाची: यात पाहायचं काय राहिलं, मामा? डब्यातली पातळी जागेवर आहे, चाकं कोरडी आहेत, पेडल बसून राहिलंय. आतल्या रबर कपाची कड गेली. दाबलेलं ऑइल लाइनमध्ये जायच्या ऐवजी कपाच्या बाजूनं मागं येऊन राहिलंय. मास्टर सिलिंडर बदलायचा, बस.

मामा: तू म्हणते तसंच असन. पण ‘असन’वर मी कोणाच्या खिशाले हात नाई घालत. चाकं कोरडी म्हणते, मागचे ड्रम उघडून पाह्यले का?

भाची: बाहेरून पाहिले.

मामा: बाहेरून तर कोरडेच दिसते. व्हील सिलिंडर झिरपाले लागला का ऑइल पहिले त्याच्या रबरी टोपणात साचते, मंग लाइनरमधे मुरते. खाली थेंब पडेपर्यंत लय दिवस जाते. ड्रम काढ, टोपणाची कड जराशी उचलून पाह्य.

ड्रम निघाले. दोन्ही टोपणं आतून कोरडी होती. भाचीच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं नव्हतं का’ असं स्पष्ट उमटलं, पण मामांनी तिकडे पाहिलंच नाही.

भाची: आता?

मामा: आता गाडी बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मार, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपव. मंग पेडल दाबून धर अन् गाडी चालू कर.

भाची: पेडल थोडं खाली गेलं, आणि थांबलं.

मामा: हे खाली जाणं बिघाड नोय. बूस्टर जागा झाला अन् त्यानं पायाले हात लावला. आर्धे लोक यालेच पेडल बसलं म्हणते अन् चांगला सिलिंडर बदलून घेते. आता तसाच पाय ठेव. जोर वाढवू नको, कमी करू नको.

भाची: बसतंय. हळूहळू, पण बसतंय.

मामा: मंग हे खरं बसणं. आता बाकीचे आरोपी एकेक करून सोडून दे. लाइनमधे हवा असती तर?

भाची: पेडल स्पंजसारखं दबलं असतं, आणि पंप केल्यावर वर आलं असतं. हवा दबते, ऑइल दबत नाही.

मामा: लाइनर ढिले असते तर?

भाची: पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्या दाबाला वर. पण दाबून धरल्यावर जिथल्या तिथं राहिलं असतं.

मामा: अन् बूस्टर गेला असता तर पेडल दगडासारखं कडक लागलं असतं, बसलं नसतं. डब्याचं झाकण काढ. मी हळू दाबतो, तू आत पाह्य. पहिला एक उसळा येईन, थो कोणत्याही चांगल्या सिलिंडरमधे येते. त्याच्यानंतर काय होते थे सांग.

भाची: ऑइल अजून हलतंय. बारीक भोवरा फिरून राहिला, मामा. झालं ना मग? पुस्तकात यालाच अंतर्गत गळती म्हणतात.

मामा: संशय पक्का झाला, पुरावा नाई झाला.

मी इथे मामांच्या बाजूने उभा आहे आणि त्याचं कारण सांगतो. पेडल बसतंय एवढ्यावर मास्टर सिलिंडर बदलला जातो, पेडल तसंच राहतं, मग पाइप बदलतो, मग बूस्टर, आणि शेवटी मागच्या चाकातली झिरप सापडते. प्रत्येक पायरीचे पैसे गाडीवाल्याचे जातात आणि तो गॅरेजवरचा विश्वास गमावून बसतो. तसा विश्वास उडालेला माणूस पुढच्या वेळी ब्रेक दाखवायला येतच नाही. एबीएसच्या गाड्यांत तर गुंता आणखी वाढतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, आणि त्या युनिटच्या आतला व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तरी पेडल असंच बसतं. त्यामुळे भाचीची घाई आजच्या गाड्यांना आणखीच महाग पडणारी आहे. तिने पुढे जो उपाय सुचवला तोही मामांना पटला नाही.

भाची: चारही रबरी पाइप पक्कडीनं दाबून बंद करते. पेडल बसायचं थांबलं तर दोष चाकांकडं, नाही थांबलं तर सिलिंडरचा.

मामा: पक्कड नको लावू पाइपाले. जुन्या रबराचा आतला थर फाटते, वरून काही दिसत नाई. थो फाटलेला पदर आतमधे दारासारखा उघडझाप कराले लागते. ऑइल चाकाकडं जाते, पण परत येत नाई, अन् चाक अडकून तापते. एक बिघाड शोधाच्या नादात दुसरा पैदा करशीन.

भाची: मग करायचं काय?

मामा: हे घे बूच. लेथवर करून घेतले आहे, सिलिंडरच्याच आट्याचे. पाइप सोड, तोंडावर हे बूच कस. आता सिलिंडरच्या पुढं ना पाइप, ना चाक, ना काही. ऑइलले जाले जागाच नाई. पेडल वरच्यावर कडक राह्यलं तर सिलिंडर निर्दोष. तरीबी बसलं तर चोर घरातच.

पाइपांचे नट सोडायला मामांनी साधा पाना घेऊ दिला नाही. पाइपावरून सरकवता येईल एवढी फट कापलेला रिंग पाना दिला, कारण साध्या पान्याने या मऊ नटांची कोपरं झिजतात आणि मग पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होऊन बसतं. बुचं बसली. तोंडाशी अडकलेली हवा बुचं जरा ढिली करून काढली, आणि भाऊंनाच सीटवर बसवून पाय ठेवायला लावला. पेडल आधी कडक लागलं. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

मामा: आता म्हण सिलिंडर गेला.

भाची: मी तर सकाळपासूनच म्हणून राहिले.

मामा: सकाळी तू म्हणत होती. आता भाऊच्या पायानं सांगतलं.

सिलिंडर निघाला तसा वादाला खरं तोंड फुटलं. बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट काढून तो बाहेर ओढला, बूस्टरच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. तिथे ओल असती तर मागचा कपही गेला असता, ऑइल बूस्टरमध्ये उतरलं असतं आणि तिथून व्हॅक्यूमच्या नळीने इंजिनात ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता. मामांनी सिलिंडर व्हाइसमध्ये धरला, सर्क्लिप काढली, एकामागे एक दोन पिस्टन बाहेर आले. पुढच्या कपाची कड एका जागी चिरलेली होती.

मामा: हे पाह्य. एअर काढताना कोणीतरी पेडल पार फरशीपर्यंत हाणलं असन. रोजच्या चालवण्यात पिस्टन बोअरच्या एवढ्याच भागात फिरते, म्हून एवढाच भाग घासून चकचकीत राह्यते. पुढं मैल बसला, पांढरी खपली आली. त्याच्यावरून कप नेला का कड चिरते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून एअर काढाची असते, पण घाईत कोण ठेवते? बरं, कप आहे, नव्या रबराचं किट टाकतो. संध्याकाळपर्यंत भाऊची गाडी रस्त्यावर.

भाची: नाही मामा. किट नाही.

मामा: काहून?

भाची: बोअर पाहा. टॉर्च धरते मी. ही खपली पुसली तर खाली खड्डे आहेत. नवा कप याच खड्ड्यांवरून जाणार.

मामा: होन मारून बोअर घासतो हलकासा.

भाची: जुने सिलिंडर बिडाचे होते, तुम्ही होन मारायचे आणि ते वर्षानुवर्षं चालायचे, हे मला मान्य आहे. हा ॲल्युमिनियमचा आहे. आतून त्यावर एक कडक थर चढवलेला असतो, केसाहून पातळ. होन मारला की तो थर निघतो आणि खालचं मऊ ॲल्युमिनियम कपाला घासतं. आज पेडल एकदम मस्त लागेल. पण किती दिवस?

मामा: पाह्य पोरी, मले हे समजते. पण तुले भाऊचं समजते का? नवीन असेंब्ली इथं भेटत नाई, नागपूरवरून येईन. म्हणजे आजची गाडी गेली, उद्याची गेली. किटले काहीशे लागते, असेंब्लीले हजार. मी नाई म्हणालो तर हा दुसरीकडं जाईन अन् थो याच खड्ड्यावर किट टाकन, होन बी न मारता. नाई तर तसाच चालवन. अन् यात दोन पिस्टन आहे. एक कप गेला तरी दुसरा आर्धी चाकं धरते.

भाची: अर्ध्या ब्रेकवर पेशंट न्यायचा का, मामा?

मामा: तसं नाई म्हणत मी. वस्तू दुरुस्त होऊन राह्यली तर फेकाची नाई, एवढंच म्हणतो. आपण गांधीजीच्या मगनवाडीच्या गावातले लोक.

भाची: चरख्यावरचा धागा तुटला तर जोडता येतो. माणूस तेवढ्यापुरता थांबतो आणि पुन्हा कातायला बसतो. ब्रेक समृद्धीवर सुटला तर थांबायचं कशानं?

तिने समृद्धीचं नाव घेतलं ते वादात जिंकण्यासाठी घेतलं नव्हतं. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो, आणि भाऊ नागपूरला कधीकधी त्याच रस्त्याने जातात. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते, आणि ६० च्या वेगापेक्षा चौपट ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. सिंदी मेघे ते सेवाग्राम एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा ब्रेक आणि या रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक यांना एकच माप लावता येत नाही. कपाची इवलीशी कड किती भार पेलते, हे भाचीने मग भाऊंनाच आकड्यात सांगितलं.

भाची: भाऊ, तुमच्या पायाचा जोर २० किलो धरा. पेडल लांब आहे, त्यामुळं सिलिंडरपर्यंत तो चौपट होतो, ८० किलो. २० मिलिमीटरच्या बोअरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २५ किलो दाब झाला. बूस्टरची मदत मी यात धरलीच नाही. हाच दाब पुढच्या चाकातल्या ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर गेला की तिथं ५०० किलोचा जोर तयार होतो. हे सगळं या कडेच्या भरवशावर. नखाएवढी जाड नाही ती.

मामा: कप आहे म्हून तर हा ब्रेक आहे.

मामांचं हे वाक्य इतिहासालाही धरून आहे. माल्कम लॉकहीडने ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १९१७ मध्ये घेतलं आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक बसले. पण सुरुवातीच्या चामड्याच्या सीलमधून ऑइल झिरपायचं. १९२४ च्या क्रायसलर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी चामड्याच्या जागी रबरी कप आणले, तेव्हा ही पद्धत भरवशाची झाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही प्रश्न हाच होता, धातू आणि सील यांच्यामधून ऑइल निसटू कसं द्यायचं नाही. म्हणून खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नवा कप घालणं मला मान्य नाही. बोअर आरशासारखा असेल, फक्त रबर वयाने कडक झालं असेल आणि किट त्याच कंपनीचं असेल, तर मामांच्या हातचं किट मी माझ्या गाडीत टाकून घेईन. या सिलिंडरमध्ये नाही. पण भाऊंच्या बुडालेल्या दिवसांचं काय, या मामांच्या प्रश्नाला भाचीकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. सुरक्षिततेचा सल्ला देणाऱ्याचा दिवस बुडत नाही, तो ऐकणाऱ्याचा बुडतो. दुसऱ्या गाडीवाल्याने त्या दिवशीची भाऊंची एक सवारी सावंगीला सोडली, एवढंच काय ते झालं.

असेंब्ली आली. भाची लगेच बसवायला निघाली तर मामांनी खोका हातात घेऊन उलटापालटा केला.

भाची: ओरिजिनल आहे, मामा. सील बंद आहे.

मामा: खोका नवीन आहे. आतलं रबर किती वर्षं फडताळात पडून होतं थे खोका नाई सांगत. नवं म्हणजे चांगलं, हे तुह्या पोराईले नको शिकवू.

त्यांनी पिस्टन बोटाने दाबून सोडला. तो न अडकता परत आला. जुन्या आणि नव्याचा बोअर मोजला, पाइपांची तोंडं जुळवली, मागच्या दांडीचा खड्डा मोजला. बूस्टरच्या दांडीची टोकाकडची फट हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. फट जास्त असेल तर पेडलचा बराच प्रवास वाया जातो. फट नसेलच तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही आणि गाडी चालता चालता ब्रेक आपोआप लागू लागतो. अशी गाडी आली की लोक कॅलिपर बदलतात.

मग नवा सिलिंडर व्हाइसमध्ये धरून त्याच्या तोंडांना दोन नळ्या लावल्या, नळ्यांची टोकं डब्यातल्या ऑइलमध्ये बुडवली आणि भाचीने बोथट सळईने पिस्टन हळूहळू दाबत राहून बुडबुडे संपवले. गाडीवर चढवण्याआधी हे केलं नाही, तर सिलिंडरच्या आत अडकलेली हवा चाकांच्या निपलमधून काढता काढता माणूस रडकुंडीला येतो. सिलिंडर बसला, पाइप लागले, ठोकळा पेडलखाली गेला. चाकांच्या क्रमावरून थोडी तणतण झाली. मामा सर्वांत लांबच्या, डाव्या मागच्या चाकापासून निघाले. भाचीचं म्हणणं, या गाडीत लाइन तिरपी आहे, तेव्हा त्याच्यानंतर त्याच सर्किटचं उजवं पुढचं घ्या. मामांनी घेतलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो क्रम असेल तोच पाळावा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

जुनं ऑइल पारदर्शक बाटलीत जमा झालं, चहापेक्षा काळं. दोघांचं पहिल्यांदाच पूर्ण एकमत झालं ते या बाटलीवर, आणि लगेच त्यातूनही वाद निघाला.

मामा: भाऊ, हे कधी बदललं होतं?

भाऊ: कमी झालं की वरून टाकत होतो ना.

भाची: वरून टाकलं म्हणजे बदललं नाही, भाऊ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट-३ २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ती हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ ला हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल एका झटक्यात फरशीला जातं.

मामा: पण थो बिघाड वेगळा आहे, तिकडं गल्लत नको करू. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल गेलं अन् गाडी थंड झाल्यावर परत आलं, थे वाफेचं काम. याचं तर बजाज चौकात थंड्या गाडीवर बसत होतं.

भाची: बिघाड वेगळा, मूळ एकच. तेच पाणी बोअर खातं. ते खड्डे कशानं पडले?

मामा: हाव. हे खरं. म्हून तर मी म्हणतो, सिलिंडर मरत नाई, त्याले मारते. आठ-दहा वर्षं तेच ऑइल ठेवते अन् मंग म्हणते पार्ट खराब.

भाची: ऑइलचा मामला मोठ्या कंपन्यांनाही भोवलाय. ऑक्टोबर २०१० मध्ये टोयोटानं जगभरातून १५ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, बहुतेक अमेरिका आणि जपानमधल्या. बदलताना वेगळ्या प्रकारचं ब्रेक ऑइल टाकलं असेल, तर मास्टर सिलिंडरचा मागचा कप कोरडा पडून दुमडू शकत होता, आणि ऑइल हळूहळू बूस्टरकडं झिरपायचं.

मामा: मंग सांग भाऊले, कोणतं टाकाचं.

भाची: झाकणावर लिहिलंय तेच. बाटली नवी, सील फोडलेली नको. दर दोन वर्षांनी पूर्ण बदल. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल चुकूनही नाही. एक थेंबही रबर फुगवतो. तसं झालं तर फक्त मास्टर सिलिंडर नाही, चारही चाकांतली रबरं आणि पाइप बदलावे लागतात.

मामा: डब्यात काय टाकलं याचा संशय आला तर थोडंसं काढून काचेच्या गिलासात पाण्यात टाकाचं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते. दुसरं काही असन तर वरतं तरंगते.

हा सगळा वाद ऐकताना मला एक गोष्ट खटकत राहिली. टायरचं वय टायरवर छापलेलं असतं, बॅटरीवर तारीख असते, इंजिन ऑइल बदललं की गॅरेजवाले स्टिकर लावतात. ब्रेक ऑइलचं वय मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ते विचारायचंही सुचत नाही. ऑइल बदललं की डब्यावर तारीख लिहायची, एवढी एक रीत वर्ध्यातल्या गॅरेजांनी धरली तर कितीतरी सिलिंडर वाचतील, आणि मामा-भाचीचा किटवरचा वादही कमी वेळा होईल. हे मी दोघांनाही म्हणालो. भाचीने लगेच मार्कर काढला.

मामा: तारीख लिहून काय होते? दोन वर्षांनी हा येईन का?

भाची: हा नाही आला तरी पुढचा मिस्त्री वाचेल.

मामा: मिस्त्री वाचाले बसले असते तर मागच्यानं पेडल फरशीपर्यंत नसतं हाणलं.

भाची: म्हणून लिहायचंच नाही का?

मामांनी मार्कर हातातून घेतला, तारखेशेजारी ‘डॉट-३’ हेही लिहिलं, आणि भाऊंना पुन्हा सीटवर बसवलं. आधी गाडी बंद ठेवून, मग चालू करून. दोन्ही वेळा पाय तसाच ठेवून मामा मोठ्याने तीस आकडे मोजत होते. पेडल हललं नाही. पेडल सोडल्यावर चारही चाकं हाताने फिरवून पाहिली, मोकळी होती. मोकळ्या मैदानात आधी चालण्याच्या वेगात, मग थोड्या वेगात ब्रेक लावून झाले, आणि परत आल्यावर मामांनी चारही चाकांजवळ हात नेऊन कोणतं एकच चाक जास्त तापलंय का ते पाहिलं.

भाऊ: चिरलेला सिलिंडर तुम्हीच ठेवून घ्या, माझ्या काय कामाचा?

मामा: घेऊन जा. कोणी विचारलं पैसे कायचे लागले, तर दाखवता येईन.

भाची: मला द्या तो. आडवा कापून पोरांना दाखवते, खड्डे कसे दिसतात ते.

मामा: भाऊनं दिला तर ने. अन् भाऊ, पाचशे किलोमीटर झाले का गाडी इकडं घेऊन या. पैसे नाई लागत. हे दोन पाइपाचे नट कोरडे आहे का, अन् सिलिंडर बूस्टरले जिथं टेकते तिथं ओल आली का, एवढंच पाहाचं आहे. मधात कधी पेडल बसलं तर पाचशेची वाट नका पाहू.